भट्टीतला रंग मेथड्स सेक्शनमध्ये कसा लिहायचा?

एखादा पेपर वाचून त्यातला प्रयोग जसाच्या तसा करून बघितलाय कधी? एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये बहुतेकांनी केलेला असतो. तापमान तेच, वेळ तीच, रसायन त्याच ग्रेडचं, आणि तरी हाती येतं ते भलतंच. मग आपण गाइडकडे जातो, गाइड म्हणतात, "परत कर." परत करतो. परत तेच.

पेपर लिहिणाऱ्याने खोटं लिहिलेलं असतं का? बहुतेक वेळा नाही. त्याने जे लिहिता येण्यासारखं होतं ते सगळं लिहिलेलं असतं. अडचण उरलेल्या भागाची असते. तो भाग त्याच्या हातात आणि डोळ्यांत असतो, आणि अनेकदा त्याला स्वतःलाही तो वेगळा असा माहीत नसतो.

याचं मला सापडलेलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, लोहाराच्या भट्टीतलं आहे. अमेरिका आणि युरोपात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाताने लोखंड घडवण्याची कला जवळजवळ विझत आली होती. १९७० नंतर काही लोकांनी ती परत उभी केली. आज तिकडे 'आर्टिस्ट ब्लॅकस्मिथ', म्हणजे कलाकार-लोहार, हा रीतसर व्यवसाय आहे. त्याच्या संघटना आहेत, प्रदर्शनं आहेत, त्यात पदवीही घेता येते. एखादं ज्ञान तुटत आलेलं असताना पुन्हा कसं जोडलं जातं हे इथे जवळून बघायला मिळतं. रिसर्चमध्ये येऊ घातलेल्या माणसाने ते बघायलाच हवं, असं मला वाटतं.

आधी तुटलं कसं?

लोहार म्हटलं की आपल्याला फाळ, विळे, कुऱ्हाडी आठवतात. तिकडचा गावलोहारही तेच करायचा, शिवाय बैलगाडीऐवजी घोडागाडीची आणि नालांची कामं. कारखान्यात बनलेली अवजारं स्वस्त झाली, ट्रॅक्टर आणि मोटारी आल्या, आणि त्याचं गिऱ्हाईक गेलं.

शोभेचं काम करणारे लोहार आणखी थोडे टिकले. फिलाडेल्फियात सॅम्युएल येलिन नावाचा पोलंडमधून आलेला लोहार होता. १९२०च्या दशकात त्याच्या कार्यशाळेत २००हून अधिक कारागीर काम करत होते. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या इमारतीतलं सुमारे २०० टन लोखंडी काम त्याच्याच भट्ट्यांमधून गेलेलं आहे. पण १९२९ची मंदी आली, बांधकामं थांबली. त्यातच वास्तुकलेची चव बदलली. नव्या इमारतींना सरळ रेषा, काच आणि काँक्रीट हवं होतं, वेलबुट्टीची जाळी नको होती. येलिन १९४०मध्ये गेला. पुढच्या काळात लोखंडी गेट लागलंच तर सळया कापून त्या वेल्डिंगने जोडणं सोपं आणि स्वस्त होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुस्तकं नष्ट झाली नव्हती. लोहारकामावरची जुनी मॅन्युअल्स ग्रंथालयात होती. ब्रिटनमध्ये तर ग्रामीण उद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेने १९५०च्या दशकात लोहारकामाचे धडे छापले होते, पायरीपायरीचे फोटो देऊन. म्हणजे 'लिटरेचर' शाबूत होतं. कमी होत चालले होते ते शेजारी उभं राहून दाखवणारे लोक.

परत कसं जोडलं गेलं?

१९६९मध्ये अ‍ॅटलांटाच्या अ‍ॅलेक्स बीलर यांचं 'द आर्ट ऑफ ब्लॅकस्मिथिंग' हे पुस्तक आलं. अनेक हौशी लोकांनी पहिली भट्टी पेटवली ती हे पुस्तक वाचून. पण पुस्तकाने उत्सुकता जागी केली. हात तयार व्हायला दुसरंच काहीतरी लागलं.

१९७०मध्ये ब्रेंट किंग्टन या धातुकलेच्या प्राध्यापकांनी सदर्न इलिनॉय विद्यापीठात लोहारकामाची कार्यशाळा भरवली. किंग्टन मुळात चांदीकाम करणारे, म्हणजे सोनाराच्या घराण्यातले म्हणा ना! पुढे याच विद्यापीठात लोहारकामात मास्टर्स करता येऊ लागलं. १९७३मध्ये जॉर्जिया राज्यातल्या लम्पकिन या छोट्या गावी पंचवीस-तीस लोहार जमले आणि त्यांनी 'आर्टिस्ट-ब्लॅकस्मिथ्स असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका' ही संघटना काढली. ब्रिटनमधली संघटना १९७८ची. चेक प्रजासत्ताकातल्या हेल्फश्टीन किल्ल्यावर १९८२पासून 'हेफाइस्टॉन' नावाचा लोहारांचा मेळा भरतो. इटलीतल्या स्तिया गावात असाच मेळा १९७६पासून.

या सगळ्या जमण्यांमध्ये एक गोष्ट समान आहे: मधोमध पेटलेली भट्टी. एक जण ऐरणीवर काम करतो आणि बाकीचे गोल करून बघतात. भाषण कमी, घाव जास्त.

आणि कोणाला बघायचं, हेही महत्त्वाचं होतं. फ्रान्सिस व्हिटेकर नावाचे एक लोहार होते, जन्म १९०६चा. तरुणपणी ते येलिनच्या कार्यशाळेत शिकले, मग बर्लिनमध्ये युलिउस श्राम यांच्याकडे. मधली सगळी पडती दशकं त्यांनी भट्टी चालू ठेवली, आणि सत्तरीकडे झुकल्यावर या नव्या मुलांना शिकवायला लागले. १९९९मध्ये जाईपर्यंत शिकवत होते. म्हणजे धागा पूर्ण तुटला नव्हता, पाच-सात तंतूंवर लोंबकळत होता. त्या तंतूंपर्यंत लोक वेळेत पोचले.

पुस्तकात न मावलेली गोष्ट

आता विज्ञानाकडे येऊ. लोहाराकडे थर्मामीटर नसतो. तो तापमान रंगावरून ओळखतो. साधारण कोष्टक असं: अंधारात पाहिलं तर ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंड जेमतेम उजळतं, ७०० ते ८००ला लाल, ९५०च्या सुमारास नारिंगी, ११००च्या वर पिवळं, आणि १३००कडे पांढरट.

वाटतं की झालं की, कोष्टक पाठ करा! पण तोच तुकडा भर दुपारी दारात धरला तर काळपट दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत धरला तर लालबुंद. म्हणून लोहाराची खोली मुद्दाम काळोखी ठेवतात. 'चेरीसारखा लाल' असं इंग्रजी मॅन्युअलमध्ये वाचून तुम्ही भट्टी पेटवली तर प्रश्न उरतोच: कुठली चेरी, कुठल्या उजेडात? मॅन्युअल लिहिणाऱ्याला आपल्या खोलीच्या काळोखाची इतकी सवय होती की तो लिहायची गोष्ट आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

रंग हा नुसता एक भाग झाला. घाव पडताना हातोड्याच्या दांड्यातून हाताला जे कळतं, लोखंड 'दबतंय' की 'नाही म्हणतंय', तेही मोजमाप आहे. ऐरणीवर आणलेली बारीक सळई काही सेकंदांतच निवते. तेवढ्यात कुठे, किती आणि कोणत्या कोनात मारायचं हा विचार करत बसायला वेळ नसतो.

मायकेल पोलान्यी हे मूळचे भौतिक-रसायनशास्त्रज्ञ. पुढे तत्त्वज्ञानाकडे वळल्यावर त्यांनी अशा ज्ञानाला 'टॅसिट नॉलेज' असं नाव दिलं. मराठीत अव्यक्त ज्ञान म्हणू. सायकल चालवता येते, पण कशी चालवतो ते सांगता येत नाही, तसं.

हे फक्त हस्तकलेत असतं असं वाटत असेल तर थांबा. १९७४मध्ये हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने टीईए लेसर बनवू पाहणाऱ्या ब्रिटिश प्रयोगशाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेपर सगळ्यांकडे होते, पैसे होते, शिकलेली माणसं होती. पण फक्त छापील माहितीवरून एकालाही चालणारा लेसर बनवता आला नाही. ज्यांना जमलं, त्यांचा आधी जमलेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. काही बाबी अशा होत्या की त्या महत्त्वाच्या आहेत हे बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. एका जोडतारेची लांबी हे त्यातलंच. तार आखूड असणं गरजेचं होतं, पण ते कोणी लिहिलं नव्हतं, कारण ज्याची तार योगायोगाने आखूड होती त्याला कधी अडलंच नाही.

लम्पकिनला जमलेले लोहार आणि हे लेसरवाले, दोघांचं दुखणं एकच आहे.

कृती तीच, माल वेगळा

आता मला सगळ्यात भिडलेला मुद्दा. जुनी मॅन्युअल्स ज्या लोखंडासाठी लिहिली होती ते लोखंड हे पुनरुज्जीवन सुरू होईपर्यंत बाजारातून जवळजवळ गेलं होतं.

जुना माल म्हणजे घडीव लोखंड. कच्चं लोखंड भट्टीत वितळवून, ढवळून, त्यातला कार्बन जाळून ते बनायचं. कार्बन ०.१ टक्क्याहून कमी, आणि आत मळीचे बारीक धागे. मोडलं तर लाकडासारखे तंतू दिसतात. ब्रिटनमध्ये याचं शेवटचं व्यापारी उत्पादन बोल्टन इथे १९७०च्या दशकात बंद पडलं. म्हणजे जी दहा वर्षं कलेच्या परत येण्याची, तीच तिच्या मालाच्या निघून जाण्याची! नव्या लोहारांच्या हाती आलं ते माइल्ड स्टील. आपल्याकडे ग्रिलवाल्याकडे जे असतं तेच.

दोन्ही दिसायला सारखी. पण भट्टीत दोन तुकडे तापवून घावाने एकजीव करायचे झाले की फरक कळतो. घडीव लोखंडातली मळी वितळून पृष्ठभागावरचा गंज-पापुद्रा सोबत वाहून नेते, म्हणजे सांधा साफ करायची सोय मालातच असते. माइल्ड स्टीलमध्ये ती मळी नाही. त्यावर टाकणखार टाकावा लागतो, आणि जमण्याजोग्या तापमानाचा पट्टाही अरुंद असतो. थोडं कमी तापलं तर सांधा बसत नाही, थोडं जास्त तापलं तर ठिणग्या उडतात आणि स्टील जळतं. उलट, घडीव लोखंड निवत आल्यावर ठोकलं तर ते तंतूंच्या रेषेत चिरतं, स्टील मात्र तेवढं सहन करतं. जुन्या पुस्तकातले 'हे करा', 'हे करू नका' असे अनेक नियम त्या मळीच्या धाग्यांमुळे आलेले आहेत. पुस्तकात कारण दिलेलं नसतं, कारण तेव्हा लोखंड म्हणजे तेच.

मी माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका जुन्या प्रबंधातली नमुना तयार करायची कृती चार महिने करत बसले होते. शेवटी कळलं की त्या काळी येणारी पावडर वेगळ्या पद्धतीने बनायची आणि तिच्यातली अशुद्धी त्या प्रक्रियेला मदत करत होती. मी जास्त शुद्ध पावडर वापरून स्वतःची वाट लावून घेतली होती. घडीव लोखंडाबद्दल आधी वाचलं असतं तर चार महिने वाचले असते की नाही, सांगता येत नाही. पण पहिला संशय मालावर घेतला असता हे नक्की.

'कलाकार' हा शब्द कशाला?

नुसती जुनी कृती परत मिळवली असती तर त्याला जतन म्हणाले असते. या लोकांनी नवं काम केलं. अल्बर्ट पेली हा मुळात सोनार. वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीसाठी त्याने १९७४मध्ये केलेली दारं बघा: स्टील, पितळ, तांबं, कांसं, आणि वेलींसारख्या वळत गेलेल्या रेषा. त्याआधी पूर्व बर्लिनमध्ये फ्रित्स क्यून यांनी शहराच्या ग्रंथालयाचं दार केलं, ज्यात 'ए' हे एकच अक्षर ११७ वेगवेगळ्या रूपांत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९८२मध्ये नव्या लोहारकामाचं 'टुवर्ड्‌स अ न्यू आयर्न एज' हे प्रदर्शन भरवलं. हेरफर्डच्या कला महाविद्यालयात आज या विषयात बी.ए. करता येतं.

मग वादही आले. आधुनिक वेल्डिंग वापरलं तर ते 'खरं' लोहारकाम का? यंत्राचा घण चालेल का? बहुतेकांनी मधला मार्ग काढला, पण या वादाचा एक फायदा झाला. प्रत्येक पायरी का आहे हे लोकांना शब्दांत सांगावं लागलं. रिव्ह्यूअरच्या प्रश्नांनी आपलं होतं, तेच.

कला आणि धातुशास्त्र यांचं नातं लांबचं आहे असं समजू नका. सिरिल स्टॅन्ली स्मिथ हे मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले धातुशास्त्रज्ञ, पुढे एमआयटीत प्राध्यापक. त्यांनी इतिहासातले दाखले देत असं मांडलं की धातूंचे अनेक गुणधर्म माणसाला आधी कळले ते दागिने आणि शोभेच्या वस्तू करताना, अवजारं आणि शस्त्रं नंतर. आजही लोहार नवा आकार आधी प्लॅस्टिसीनमध्ये घडवून बघतात, कारण ते तापलेल्या स्टीलसारखं दबतं आणि पसरतं. इंजिनिअरिंगमध्येही धातूचं वहन अभ्यासायला प्लॅस्टिसीनची मॉडेल्स वापरली गेली आहेत. एकच युक्ती, दोन खोल्यांत.

पुनरुज्जीवन कोणाचं?

आता थोडं अवघड. 'कला मेली होती, आम्ही जिवंत केली' ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण ती सगळ्यांच्या बाबतीत खरी नाही.

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात फिलिप सिमन्स नावाचे कृष्णवर्णीय लोहार होते, जन्म १९१२. तेराव्या वर्षी ते पीटर सिमन्स यांच्याकडे शिकायला गेले. आडनाव एक, पण नातं नाही. पीटर सिमन्स यांचा जन्म गुलामगिरीत झालेला. पुढे फिलिप यांनी चार्ल्सटनमध्ये शेकडो गेट आणि कठडे घडवले. १९८२मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली. त्यांच्या भट्टीत कला कधी मेलीच नव्हती. विद्यापीठांचं लक्ष तिकडे उशिरा गेलं, एवढंच.

आपल्याकडेही बघा. बलुतेदारीतला लोहार गेला किंवा वेल्डिंगच्या दुकानात गेला. पण गावाबाहेर पाल टाकून राहणारी घिसाडी कुटुंबं आजही भंगारातल्या कमानपाट्याचे विळे-कुऱ्हाडी करतात. एक जण सांडशीने धरतो, दुसरा घण घालतो, आणि धारेला पाणी कधी द्यायचं हे रंग बघून ठरतं. कमानपाट्याचं स्टील जास्त कार्बनचं असतं, त्यामुळे त्याची धार टिकते. कोणतं भंगार कशाला चालतं हे ज्ञान या लोकांकडे आहे, आणि त्यांना कोणी 'आर्टिस्ट' म्हणत नाही. कोणाच्या कौशल्याला ज्ञान म्हणायचं आणि कोणाच्या ज्ञानाला नुसती मजुरी, हे ठरवण्यात आपण विद्यापीठातले लोकही सामील असतो. लॅब असिस्टंट काकांना फर्नेसचा आवाज ऐकून बिघाड कळतो, आणि पेपरच्या आभारातसुद्धा त्यांचं नाव नसतं.

तुम्ही काय करायचं?

एक, नवी पद्धत शिकायची असेल तर पेपर वाचाच, पण ज्याला ती जमते त्याच्याकडे दोन दिवस जाऊन बघा. प्रवासखर्चासाठी अर्ज करायला लाजू नका. आणि तिथे फक्त प्रश्न विचारत बसू नका, हात बघा. तो कुठे थांबतो, काय बघून पुढे जातो, ते टिपा.

दोन, जुनी कृती फसली तर स्वतःला दोष द्यायच्या आधी विचारा: त्या वेळचा माल आणि आजचा माल एकच आहे का? कंपनी, बॅच, बनवण्याची पद्धत, सगळं.

तीन, प्रयोगवहीत 'नेहमीप्रमाणे', 'रंग बदलेपर्यंत', 'थोडं' हे शब्द आले की पेन थांबवा. कुठला रंग, कुठल्या उजेडात? शक्य असेल तिथे दुसरं, स्वतंत्र मोजमाप जोडा. लोहारसुद्धा पोलादाला पाणी द्यायच्या आधी लोहचुंबक लावून बघतात, कारण ७७० अंशांच्या आसपास लोखंडाची चुंबकाशी ओढ संपते. डोळा आणि चुंबक, दोन साक्षीदार.

चार, तुमच्या लॅबमधला व्हिटेकर कोण आहे ते आत्ताच ओळखा. निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ, प्रबंध जमा करून चाललेली सीनियर. ते असेपर्यंत शिकून घ्या. व्हिडिओ काढा, त्यांची परवानगी घेऊन. आणि पेपरमध्ये त्यांचं नाव लिहा.

आणि या आठवड्यात एक छोटा प्रयोग करा. तुमची प्रयोगवही एखाद्या ज्युनियरच्या हातात द्या, तुमचाच एखादा सोपा प्रयोग त्याला फक्त वही वाचून करायला सांगा, आणि शेजारी तोंड बंद ठेवून उभे राहा. जिथे जिथे तुम्हाला मध्ये बोलावंसं वाटेल, ती ती जागा लिहून ठेवा. तुमच्या मेथड्स सेक्शनमध्ये काय राहिलंय याची यादी आयतीच तयार होईल. माझी यादी पहिल्या वेळी सतरा ओळींची झाली होती.